आतल्या बाजूची तारीख

माझ्या मामेभावाने मला गाडी चालवायला शिकवलं तेव्हा मी चाळिशीला आले होते. घरातले सगळे हसले, तो हसला नाही. कळव्याला त्याच्या घरामागे मोकळं मैदान होतं. तिथे तो रोज सकाळी सातला स्वतःचा जुना टेम्पो घेऊन उभा राहायचा आणि मी डोंबिवलीहून पोचायचे. क्लच सोडताना गाडी उडी मारून बंद पडायची. मैदानात क्रिकेट खेळणारे टाळ्या वाजवायचे. दादा त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. "परत चालू कर," एवढंच म्हणायचा. महिनाभरात त्याने मला भरलेला टेम्पो खाडीच्या पुलावरून ठाण्यात न्यायला लावला.  उतरल्यावर त्याने टपरीवरून दोन चहा आणले आणि म्हणाला, आता तुला कुणाची गरज नाही.

गाडी शिकायची वेळ आली त्याला कारण होतं. आमचा धंदा बोअरच्या पंपांचा. बोअरमध्ये सोडलेला पंप बिघडला की तो वर काढायचा, दुरुस्त करायचा, परत सोडायचा. नवऱ्याने हा धंदा डोंबिवलीत एका गाळ्यातून सुरू केला आणि वीस वर्षं गाडीही तोच चालवत होता. मग त्याच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद करायला सांगितली. ठेवलेले ड्रायव्हर दोन-तीन महिन्यांच्या वर टिकेनात. कामाला माणूस मात्र पक्का होता. आमचे मिस्त्री साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, कळव्याला डोंगराच्या बाजूच्या वस्तीत राहणारे. त्यांना बोअरच्या तोंडाशी हात धरून आत काय अडकलंय ते कळायचं. पण गाडी त्यांना येत नव्हती. म्हणून मी शिकले. नवरा गाळ्यात बसून दुरुस्ती आणि फोन बघू लागला, मी आणि मिस्त्री पिकअप घेऊन फिरू लागलो.

पिकअप मोठी, भार ओढणारी. मागे पंप उचलायची लोखंडी घोडी, चेनपुली, पाइप, केबलची भेंडोळी आणि पंप असं सगळं चढवलं की स्टीअरिंगवर वजन कळायचं. सकाळी घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये काम असायचं. म्हणजे सिमेंटचा रस्ता आणि तासभर एकाच जागी रांगत राहणं. दुपारी मुरबाडच्या पलीकडे कुणाच्या शेतावर जायचं. तिथे डांबर संपलं की लाल माती, खडी, ओढ्यातले गोटे. साध्या टायरांवर दोन वर्षं काढली. एका सप्टेंबरात गाडी शेताच्या बांधाजवळ अशी रुतली की ट्रॅक्टर आणून बाहेर काढावी लागली. तेव्हा मी ठरवलं की पुढचा सेट विचार करून घ्यायचा.

मी विचार केला तो जरा जास्तच केला, असं नवरा म्हणायचा. एक वही घातली होती. कल्याणच्या एका दुकानदाराने चिखलाचे टायर गळ्यात मारायला घेतले. त्यांच्या खाचा बोटभर खोल होत्या, पण सिमेंटच्या रस्त्यावर ते वर्षभरात झिजतात आणि केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, हे मला एका टेम्पोवाल्याने सांगितलं होतं. घोडबंदरच्या एका चकचकीत दुकानात पांढऱ्या अक्षरांचे देखणे टायर होते. दोन्हीकडे चालतील असे, ऑल टेरेन. मी खाली वाकून बाजूवरचा भाराचा आकडा वाचला. तो आमच्या गाडीला पुरणारा नव्हता. ते टायर टॉवरच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी होते. विक्रेत्याला मी आकडा वाचते याचंच नवल वाटलं.

आकडा वाचायला मला दादानेच शिकवलं होतं. टेम्पोच्या जोडीला त्याने ठाण्याच्या कोपरीत टायरचं दुकान टाकलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. टायर घेताना दोन गोष्टी बघायच्या, असं तो सांगायचा. टायर भार किती पेलणार आणि तयार कधी झाला. तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं, तेही टायरच्या एकाच बाजूला. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, असं म्हणून तो नखाने दाबून दाखवायचा. इतर दुकानं मी हिंडले ती फक्त माहितीसाठी. घ्यायचे त्याच्याकडूनच, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी आम्ही गेलो. दादाने पाच-सहा प्रकार समोर मांडले. त्यातले आम्हाला हवे तसे ऑल टेरेन, भाराचा आकडा पुरून उरणारा, कडेला दगड लागला तरी फाटू नये म्हणून जाड बाजू असलेले. दादा म्हणाला की तुझ्या जागी मी असतो तर हेच घेतले असते. मी प्रत्येकाची तारीख वाचली. चारही तीन-चार महिन्यांपूर्वीचे. त्याच्याकडून खडू मागून घेतला आणि प्रत्येक टायरवर तारखेशेजारी एक फुली मारली. दादा हसला. म्हणाला, "शिष्या गुरूच्या वर गेली."

त्याच दिवशी ठाण्यातच नवऱ्याच्या पाठीचा एमआरआय होता. गाडी आणि मिस्त्रींना दुकानात सोडून मी त्याच्याबरोबर गेले. परत यायला चार तास लागले. आले तेव्हा चारही टायर चढलेले होते, काळ्या पॉलिशने चमकत होते. मी गाडीला एक फेरी मारली. प्रत्येक चाकावर खडूची फुली दिसली आणि माझं समाधान झालं. फुलीशेजारी तारीख नव्हती. हे तेव्हा दिसलं होतं असं आता वाटतं, पण ते मनापर्यंत गेलं नाही. पैसे आधीच दिलेले होते. दादाने चौघांनाही वडापाव मागवला. मिस्त्री त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, पण ते एरवीही कमीच बोलायचे.

थंडीत गाडी चांगली चालली. फक्त वळणावर ती थोडी घसरल्यासारखी वाटायची, आणि खडीवर टायर आत दबण्याऐवजी टणटण उडायचे. मी दादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला की जाड टायर आहेत, बसायला वेळ लागतो, हवा दोन पॉइंट कमी ठेव. मी कमी ठेवली.

मे महिन्यात मुरबाडच्या पलीकडून पंप काढून परत येत होतो. दुपारचे चार वाजले असतील. डांबर तापून मऊ झालेलं. उतारावर मागून डावीकडून फटफट आवाज सुरू झाला, पत्र्यावर कुणी चामड्याचा पट्टा मारावा तसा. मी वेग कमी करेपर्यंत मोठा आवाज झाला आणि गाडीचं बूड डावीकडे ओढलं गेलं. स्टीअरिंग मी सोडलं नाही. ब्रेकवर उभं राहायचं नाही, हे कळव्याच्या मैदानात शिकलेलं पायाला आठवलं. तरी गाडी रस्त्याखाली उतरली आणि पुढचं चाक चरात जाऊन आपटलं. मागची घोडी पत्र्यावर आदळली. मिस्त्री माझ्या शेजारी होते. त्यांचा खांदा दारावर बसला. मी हाक मारली तेव्हा त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं आणि उजव्या हाताने डावा खांदा धरून बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

एका दुधाच्या गाडीवाल्याने आम्हाला मुरबाडला पोचवलं, तिथून कल्याणला. गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. मला दंडावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. मिस्त्रींची बायको दवाखान्यात आली. मी जवळ गेले, तर तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरून नवऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी समजले की ती घाबरली आहे.

दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याकडे आणली. वय झालेला माणूस होता, तिथलाच. फुटलेल्या टायरची वरची पूर्ण साल निघून गेली होती, पट्ट्याच्या पट्ट्या लोंबत होत्या. त्याने तो रिमवरून उतरवला, पालटला, ओल्या फडक्याने आतली बाजू पुसली आणि मला बोलावलं.

"ताई, हे टायर सात वर्सांचं हाय," तो म्हणाला. "वापरलेलं नाय, पण जुनं. कुटंतरी पत्र्याखाली पडून व्हतं."

मी चार आकडे वाचले. परत वाचले. त्याने खाचेच्या तळाशी बोट फिरवून बारीक चिरा दाखवल्या, सुकलेल्या तळ्यासारख्या. मग मी गाडीखाली आडवी झाले आणि मोबाइलचा उजेड पाडून उरलेल्या तीन चाकांच्या आतल्या बाजू बघितल्या. कंपनी तीच, नक्षी तीच, माप तेच. तारीख चारही टायरांवर जुनी, आणि चारहींवर आत वळवलेली.

मी तिथे मातीत किती वेळ पडून होते ते आठवत नाही. दुकानातल्या कामगाराने चूक केली असेल, असं मी मनाला सांगत होते. पण चार टायर चुकून एकाच बाजूने बसत नाहीत. तरी कोपरीला जाईपर्यंत मी ती चूक धरून ठेवली.

दादाने आधी मिस्त्रींची चौकशी केली. खुर्ची दिली. मी मोबाइलवरचे फोटो त्याच्यासमोर ठेवले. तो कंपनीच्या मालाबद्दल, गोदामाबद्दल, उन्हाळ्याबद्दल बोलू लागला.  ते बोलणं संपल्यावर त्याने फोटो पुन्हा बघितले, आणि मग खरं सांगितलं. मी एमआरआयला गेले आणि तासाभरात घोडबंदरहून एकजण आला होता. बिल्डरचा मुलगा, नवी कोरी पिकअप, शौकाची. त्याला हेच टायर हवे होते, त्याच दिवशी. त्याच्या बापाचे डंपर दादाच्या दुकानात येत. पुढचा माल पंधरा दिवसांनी येणार होता. वरच्या माळ्यावर जुना सेट पडून होता.

"पंधरा दिवस तू थांबली असतीस का?" त्याने विचारलं.

"विचारलं असतंस तर थांबले असते."

"त्याला नाही म्हणता आलं नसतं. तो उठून गेला असता." तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. "तू घरची आहेस. तू समजून घेशील असं वाटलं."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा आठवलं. परक्याला त्याने असे टायर दिले नसते, कारण परका भांडला असता. मी भांडणार नाही हे त्याला माहीत होतं.

मग मी फुल्यांबद्दल विचारलं. मी खडूने खूण केलेले टायर त्या मुलाच्या गाडीवर गेले, तर माझ्या चाकांवर फुल्या कुठून आल्या.  बाहेर हवेचा पंप चालू होता, तो बंद होईपर्यंत दादा थांबला.

"मीच मारल्या," तो म्हणाला.

घाईत केलेली गोष्ट मी कदाचित विसरले असते. पण खडू हातात घेऊन, खाली बसून, एकेका चाकावर त्याने माझ्यासारखी फुली काढली होती. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला आजही नीट कळत नाही. तो नवे टायर फुकट देतो म्हणाला, पाचवाही देतो म्हणाला. मी म्हटलं, मला टायर नकोत. तू माझ्याबरोबर मिस्त्रींकडे चल आणि त्यांना हे स्वतःच्या तोंडाने सांग. कोपरीहून कल्याणचा दवाखाना काही फार लांब नाही.

तो म्हणाला की त्यांना सांगून काय होणार आहे, दवाखान्याचं जे लागेल ते देऊ. मी उठले. तो दारापर्यंत आला, पण माझ्याबरोबर निघाला नाही.

त्याच संध्याकाळी मामीचा फोन आला. मामी म्हणजे दादाची आई, ऐंशीच्या पुढची. माझ्या लहानपणी आईच्या आजारपणात तिनेच मला चार महिने सांभाळलं होतं. ती म्हणाली की घरातली गोष्ट घरात ठेव, त्याच्या हातून चुकलं, त्याचं दुकान बदनाम होईल. मिस्त्री कसे आहेत हे तिने विचारलं नाही. नवऱ्यालाही वाटत होतं की मी आता सोडून द्यावं. त्याने एवढंच विचारलं की मिस्त्रींना सांगून तू तुझं ओझं हलकं करणार आहेस, की त्यांचं.  तरी आठवड्याने, मिस्त्री घरी आल्यावर, मी एकटीच गेले.

खोली चढावर होती. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांच्या बायकोने पाणी ठेवलं आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. टायर जुने होते, माझ्या भावाने बदलले, मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. ते खाली बघत ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"वहिनी, मी तिथंच व्हतो की," ते म्हणाले. "माळ्यावरनं टायर उतरवताना मी बघितलं. तुमच्या भावाला इचारलंबी. ते म्हनले, ताईला फोन केलाय, तिला चालतंय, स्वस्तात बसतंय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू लागला. टायर जुने आहेत हे मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मलाही ते माहीत आहे असं ते धरून चालले होते. सात महिने ते माझ्या शेजारी बसून त्या टायरांवर मुरबाडपर्यंत जात होते, आणि चार पैसे वाचवण्यासाठी वहिनींनी हे केलं असं समजत होते. हाड मोडून पडले तेव्हाही तेच. त्यांची बायको दवाखान्यात माझ्यापासून लांब का सरकली, ते मला आत्ता कळलं.

"मग मला बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी मालक," ते म्हणाले. "तुमी ठरवलेलं, मी काय बोलनार?"

मी त्यांना परत परत सांगितलं की दादाने फोन केला नव्हता. मोबाइल काढून त्या दिवसाचे फोन दाखवायला लागले, तर इतके जुने त्यात सापडेनात. मिस्त्री म्हणाले, ऱ्हाऊ द्या. त्यांना माझं पटलं की त्यांनी फक्त विषय संपवला, ते चेहऱ्यावरून कळेना. दादाने माझ्याशी जे केलं ते केलं, पण त्याने माझ्या नावाने या माणसाला खोटं सांगितलं होतं, आणि ते पुसायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांची बायको पहिल्यांदा बोलली. तिने विचारलं, "तुमच्या भावानं तुमाला बी फसवलं म्हना की." मी हो म्हटलं. ती आत गेली आणि तिने चहा टाकला. 

दादाने त्यानंतर एका टेम्पोतून चार नवे टायर गाळ्यावर पाठवले. मी ते तसेच परत पाठवले. आमचे टायर मी कल्याणला, अजिबात ओळख नसलेल्या एका दुकानातून घेतले. दोन तास उन्हात उभी राहिले आणि प्रत्येक चाक बसताना बघितलं. दुकानदार वैतागला होता. त्याच्या वैतागण्याचं मला काही वाटलं नाही.

दादाची आणि माझी गाठ पडते. मामीच्या आजारपणात पडली, एका लग्नात पडली. तो माझ्या मुलीच्या नोकरीबद्दल विचारतो, मी सांगते. मी गाडी घेऊन आले असले तर तो गाडीकडे बघत नाही. एकदा तो म्हणाला की तू माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाहीस. मी म्हटलं, बोलते की. त्यानेही पुढे ताणलं नाही. ज्या माणसाने मला सगळ्यांच्या हसण्यातून बाहेर काढून रस्त्यावर आणलं, त्याचा राग करायला बसलं की मैदानातल्या त्या सकाळीही हातातून जातात. म्हणून मी राग पुरा करत नाही, आणि माफही करत नाही.

मिस्त्री गणपतीनंतर कामावर आले. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून चेनपुली ओढायला आम्ही आणखी एक माणूस घेतला आहे. त्या विषयावर ते एक शब्द काढत नाहीत. फक्त रोज सकाळी गाळ्यासमोर गाडी निघायच्या आधी ते चारही चाकांपाशी जातात, वाकतात, आतल्या बाजूला हात घालून बोटं फिरवतात आणि मगच दार उघडून बसतात. मी तोवर इंजिन चालू करत नाही.